सुभेदारसाहेब दोनदा सापडले

नोव्हेंबर महिना आला की माझ्या खिडकीसमोर म्हाताऱ्या माणसांची रांग लागायची आणि एकेक जण पुढे येऊन आपण जिवंत असल्याचं मला सांगायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघायची, कागदाकडे बघायची, शिक्का मारायची आणि म्हणायची, "आहात. पुढच्या वर्षी या." माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या एका कार्यालयात मी तेहेतीस वर्षं क्लार्क होते. पेन्शन चालू राहायची तर दर वर्षी हयातीचा दाखला लागतो, आणि आमच्याकडे ते काम माझ्या टेबलावर. त्यामुळे वसईच्या बाजारात आजही काही जण मला हयातीवाली बाई म्हणतात. माझं खरं नाव फिलोमिना लोपीस. होळी गावातली आमची वाडी सोडली तर ते फारसं कोणाला ठाऊक नाही. एक नाईक होते, ते दर वर्षी खिडकीत डोकं घालून सांगायचे, "मॅडम, जरा नीट बघून मारा शिक्का. घरच्यांना अजून संशय आहे."

नाताळ अंकाच्या संपादकबाईंनी "तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा" म्हणून गळ घातली. गमती होत्याच, पण नोकरीतल्या कमी आणि नोकरी सुटल्यावरच्या जास्त. त्यांचं मूळ मात्र त्या नोव्हेंबरच्या रांगेतच आहे. रांगेत कोण आलं हे सगळे बघायचे. मला हळूहळू कोण आलं नाही ते बघायची खोड लागली. न आलेल्यांपैकी काही मुलीकडे गेलेले असायचे, काही देवाघरी गेलेले असायचे, आणि एखादा असा असायचा की तो घरात नाही, दवाखान्यात नाही, गावी नाही. घरातले शेजाऱ्यांना सांगायचे, "गावी गेलेत." गावाकडचे म्हणायचे, "मुंबईला आहेत."

अशा एकाचं मला आजही वाईट वाटतं. लान्स नाईक होता, तरुणच म्हणायचा, पन्नाशीही गाठली नव्हती. खिडकीत आला, कागद पुढे केला. एक जोडपत्र कमी होतं. मी मान वर न करता सांगितलं, "सोमवारी घेऊन या." तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग "ठीक आहे मॅडम" म्हणाला आणि गेला. सोमवारी आला नाही. पुढच्या महिन्यात त्याची बायको आली, त्याचा फोटो घेऊन. तो अजून सापडलेला नाही. त्या दिवशी तो कागदासाठी आला होता की कोणीतरी "काय झालं?" विचारावं म्हणून आला होता, हे मला कधीच कळणार नाही. मी मान वर केली असती तर कदाचित कळलं असतं.

तेव्हापासून मी मान वर करायला शिकले, आणि निवृत्त झाल्यावर हेच काम अंगावर घेतलं. आमची चार-पाच जणांची टोळी आहे. मी सोडून सगळे माजी फौजी. त्यांतले हवालदार शेलार म्हणजे आमचा उजवा हात. साताऱ्याकडचे, विरारला स्थायिक झालेले, अंगानं आडवे आणि स्वभावानं सरळ. कुठल्या घरातून फोन आला की पहिलं पोलिसांत तक्रार नोंदवायला लावायची, सरकारी दवाखान्यांत चौकशी करायची, आणि मग आम्ही निघायचं.

फौजी शोधायचा कसा, हे बाहेरच्यांना थोडं समजावून सांगते. साधा माणूस हरवला तर नातेवाईक त्याच्या ओळखीच्या ठिकाणी शोधतात. फौजी हरवला तर त्याच्या सवयींच्या ठिकाणी शोधावा लागतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. डोक्यात कितीही काहूर माजलेलं असो, तो पहाटे उठणार, अंथरुणाची चौकोनी घडी घालणार आणि रोज दाढी करणार. घरून वस्तरा न घेता निघालेला फौजी दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये गेलाच पाहिजे. म्हणून नायगावपासून विरारपर्यंतचे सलूनवाले आमचे हेर आहेत. दुसरी गोष्ट, त्याचं फौजेतलं काम विचारायचं. ड्रायव्हर असेल तर तो गाड्या उभ्या असतात तिथे जाऊन बसतो. एक लंगरवाला, म्हणजे फौजेतला आचारी, आम्हाला विरारला एका लग्नाच्या मांडवामागे सापडला. केटररला वाटत होतं तो नवरीकडचा आहे, नवरीकडच्यांना वाटत होतं केटररचा आहे. मधल्या वेळात त्यानं पोतंभर कांदा चिरून ठेवला होता, आणि केटरर त्याला सोडायला तयार नव्हता.

आता सुभेदार घाडगेसाहेबांची गोष्ट. ती सांगायला खुद्द साहेबांचीच परवानगी आहे. "नाव बदला आणि खरं लिहा," एवढीच त्यांची अट. नाव बदललं आहे.

एका गुरुवारी सकाळी मला नायगावहून फोन आला. बाई रडत नव्हती, पण एकेक शब्द धरून धरून बोलत होती. "मी मनाली घाडगे. माझे सासरे पहाटेपासून घरात नाहीत."

मी आणि शेलार तिच्या घरी गेलो. नवीन टॉवर, सतरावा मजला, खिडकीतून खाडी दिसते. मनाली अंधेरीला एका ऑफिसात, तिचा नवरा बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. सासूबाई पाच महिन्यांपूर्वी गेल्या. त्या असताना दोघं सांगलीकडे गावी राहायचे. त्या गेल्यावर मुलानं वडिलांना इकडे आणलं. "अप्पा मोजकंच बोलायचे," मनाली म्हणाली. "जेवण झालं की ताट स्वतः घासायचे. मी नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत."

तिनं आम्हाला त्यांची खोली दाखवली. अंथरुणाची चौकोनी घडी. उशीवर फोन, घड्याळ, घराची किल्ली, चष्म्याचं रिकामं घर आणि पदकांची डबी, सगळं एका ओळीत मांडलेलं. शेलार दारातच थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर एरवी लालबुंद असणारा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "किट जमा केलंय."

फौज सोडताना जवान आपल्याला मिळालेलं सामान असं मांडून परत करतो आणि मोकळा होतो. साहेब कशातून मोकळे व्हायला निघाले होते, हे आम्हा दोघांनाही कळलं. मनालीला मी तेवढ्यात सांगितलं नाही. तिला चहा करायला लावला, कारण तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मला दोन्ही रात्री धड झोप नाही. साहेब सॅपर होते, म्हणजे फौजेत पूल बांधणारे. म्हणून आम्ही पूल शोधले, खाडीकाठ शोधला, आणि प्रत्येक वेळी तिथे काही सापडू नये अशी मनोमन प्रार्थना केली. शनिवारी सकाळी शेलारांना आगाशी बाजारातली सलूनं बघायला पाठवलं आणि मी वसईला घरी फोनपाशी बसले.

साडेअकराला दार वाजलं. दारात शेलार. घामाघूम, सावधान पवित्र्यात.

"मॅडम, रिपोर्ट आहे. सुभेदारसाहेब सापडले."

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या मागे पाहिलं. मागे फक्त आमचं मांजर होतं.

"कुठे आहेत?"

"आगाशीला, सलूनमध्ये."

"आणि तुम्ही इथे कसे?"

शेलारांनी घसा साफ केला. झालं होतं ते असं. सलूनच्या काचेतून त्यांना खुर्चीत बसलेले साहेब दिसले, अर्ध्या गालाला फेस. शेलार आत गेले. हरवलेल्या माणसाला हाताला धरायचं की नाही, याचा विचार करण्याआधीच त्यांच्या टाचा जुळल्या आणि तोंडातून गेलं, "राम राम साहेब!"

साहेबांनी आरशातून पाहिलं. "कोण?"

"हवालदार शेलार, साहेब."

"इथे कोणत्या कामावर?"

"एका बेपत्ता माणसाच्या शोधात, साहेब."

"कोण बेपत्ता आहे?"

"आपणच, साहेब."

"मग सापडला का?"

"सापडला, साहेब."

"शाब्बास. कोणी पाठवलं तुला? त्यांना समक्ष जाऊन रिपोर्ट दे. फोनबिन नाही. समक्ष."

"जी साहेब!" आणि पंचवीस वर्षं फौजेत काढलेला आमचा हवालदार मागे वळून सरळ बस स्टॉपवर गेला, दोन बस बदलून वसईला आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

मी कपाळावर हात मारला. "अहो शेलारभाऊ, तीन दिवस आपण त्या माणसासाठी जिवाचं रान करतोय, आणि तुम्ही त्याला खुर्चीत सोडून आलात?"

"साहेबांचा हुकूम होता, मॅडम."

"ते निवृत्त झालेत! तुम्हीही निवृत्त झालात!"

"हो," शेलार पडेल आवाजात म्हणाले. "ते बसमध्ये लक्षात आलं."

आता हसू येतं, तेव्हा त्यांना दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं होतं. पण एक गोष्ट कळली होती. साहेब जिवंत होते आणि दाढी करत होते. मनालीला फोन करून तेवढं सांगितलं. मग पोलिसांना कळवलं आणि मी रिक्षा बोलावली. शेलारांना सोबत घेतलं, पण वाटेत बजावलं, "आता बोलायचं मी. तुम्ही तोंडातून राम रामसुद्धा काढायचा नाही."

सलूनमधली खुर्ची अर्थातच रिकामी होती. सलूनवाला मात्र बोलका निघाला. "कालपन आले होते ते बाबा. गप असतात. दाढी करताना फक्त एकदाच बोलले. वाडीतला तो साकव कोणी बांधला, म्हणून विचारत होते. म्हणाले, ज्यानं बांधला त्याला उलटा टांगला पाहिजे."

कुठला साकव, ते त्यानं हातानं दाखवलं. भातखाचरांच्या कडेनं वाट जाते, पुढे केळीची वाडी आहे आणि मध्ये एक ओहोळ. त्याच्यावर चार फळ्या टाकून केलेला तो साकव. आम्ही पोहोचलो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, गुळगुळीत दाढी केलेला एक म्हातारा माणूस पाण्यात उभा राहून फळीखाली दगड बसवत होता, आणि काठावर लुगडं खोचून बसलेली एक म्हातारी त्याच्यावर खेकसत होती.

"सावकास रे बाबा! पानी गढूल केलंस सगला!" मग आमच्याकडे वळून म्हणाली, "कोन पाहिजे, बाय?"

तिचं नाव सखूबाय. गेल्या पावसापासून साकव नीट करून देतो म्हणून तिचा भाचा तिला सांगत होता. गुरुवारी संध्याकाळी हा माणूस येऊन न विचारता फळ्या उचकटायला लागला, तेव्हा ती धरून चालली की भाच्यानं एकदाचा गवंडी पाठवला. पडवीत झोपायला चटई दिली, दोन वेळा भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण दिलं. "मानूस बरा हाय," ती म्हणाली, "पन लय हलू काम करतो. एवढ्यात तीनच फल्या झाल्या."

मी चप्पल काढली आणि बसवलेल्या तिसऱ्या फळीवर पाय सोडून बसले. फळी जराही हलली नाही. साहेबांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा लांब उभ्या असलेल्या शेलारांकडे पाहिलं.

"रिपोर्ट मिळाला?"

"मिळाला. दोन बस बदलून."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग ते परत दगडाकडे वळले. आमच्या कामात एक गोष्ट मी शिकले आहे, की मनात भीती वाटते ते सरळ विचारावं. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. उलट त्याला बरं वाटतं की कोणीतरी विचारलं. मी विचारलं, "साहेब, जीव द्यायला निघाला होतात का?"

त्यांनी दगड खाली ठेवला. "हो," ते म्हणाले. "अर्नाळ्यापर्यंत गेलो होतो. दिवसभर पाण्याकडे बघत बसलो. मग इकडून येताना हा साकव पायाखाली हलला. म्हटलं, उद्या इथून कोणी पडेल. हे आधी नीट करू."

"आणि हे झाल्यावर?"

ते परत फळीखाली वाकले. तिसरी फळी झालेली होती, चौथी काठावर पडली होती. सखूबायला हळू वाटत असलेलं काम मला एकदम फार भराभर चाललंय असं वाटलं.

"घरी चला," मी म्हटलं.

"कसा येऊ? न सांगता निघालोय. तीन दिवस गैरहजर. चाळीस माणसं होती माझ्या हाताखाली, मॅडम. एकानं असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. आता कुठल्या तोंडानं त्या पोरीसमोर उभा राहू?"

इथे मला माझी तेहेतीस वर्षं उपयोगी पडली. प्रेमानं समजावून फौजी हलत नाही, आणि हुकूम द्यायचा तर माझ्याकडे हुद्दा नाही. पण फॉर्म समोर आला की तो भरतो. मी पर्समधून कोरा कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून रकाने आखले. नाव, हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, रजेचं कारण, मंजूर करणाऱ्याची सही.

"न सांगता निघालात ते चुकलंच," मी म्हटलं. "छुट्टीचा अर्ज भरून द्या. उशिरा दिलेला अर्जसुद्धा घेतात. मी घेतलेत."

त्यांनी पाण्यातून बाहेर येऊन हात पुसले, चष्मा लावला आणि लिहायला बसले. अक्षर छापल्यासारखं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. खिडकीत बसून बसून मला समोरच्याचा कागद उलटा वाचायची सवय झाली आहे, पण त्या वेळी मी मुद्दाम केळींकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं पेनाचा आवाज आला. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "मंजूर करा."

"मी क्लार्क. मला अधिकार नाही. तुमचं युनिट कुठे?"

"नायगाव. सतरावा मजला."

"तिथे कमांडर कोण?"

साहेबांनी गंभीरपणे विचार केला. "सूनबाई," ते म्हणाले. "मुलगाही तिचंच ऐकतो."

"मग सही त्यांची. आणि अर्ज समक्ष द्यायचा असतो."

समक्ष हा शब्द ऐकून लांब उभे असलेले शेलार दुसरीकडे बघायला लागले. साहेबांनी पँट खाली सोडली, बूट घातले आणि कागदाची चार पदरी घडी करून खिशात ठेवली. सखूबाय मात्र चिडली. "अरं, आनि चवथी फली कोन बसवनार? माजा बाप?" साहेबांनी तिच्यासमोर हात जोडले आणि छुट्टी मंजूर झाली की येतो, असं कबूल केलं. पुढच्या आठवड्यात ते खरंच गेले. जाताना शेलारांना फळी धरायला घेऊन गेले.

एका कागदानं कोणाचं दुःख संपत नाही, हेही सांगायला हवं. पुढे आम्ही साहेबांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या झाल्या, गप्पा झाल्या, मध्ये दोन-तीन वाईट आठवडेही गेले. फौजी माणसाला मनाच्या डॉक्टरकडे नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यातला प्रकार. पण ते जाऊ लागले. आता आमच्या टोळीतल्या नव्या लोकांना ते स्वतः सांगतात, "पाय मोडला तर प्लॅस्टर घालता ना? मग?" पण हे सगळं नंतरचं.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही नायगावला पोहोचलो. लिफ्टमध्ये साहेबांनी कॉलर नीट केली. सतराव्या मजल्यावर दार आधीच उघडं होतं. मनाली दारात उभी होती. तीन दिवसांचे तेच कपडे, केस कसेतरी बांधलेले, डोळे सुजलेले. ती काही बोलायच्या आत साहेबांनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं अर्ज वाचायला घेतला. नाव वाचलं, तारखा वाचल्या आणि कारणाच्या रकान्यावर थांबली. मग तो तिनं मोठ्यानं वाचला.

"'घरात माझी कोणतीही ड्यूटी उरलेली नाही.'"

साहेब समोरच्या भिंतीकडे बघत सावधान उभे होते.

"पेन द्या," मनाली म्हणाली. शेलारांनी झटकन पेन पुढे केलं. तिनं कागद दारावर धरला, मोठ्या अक्षरात लिहिलं, नामंजूर, आणि खाली सही केली.

"कारण खोटं आहे, अप्पा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "रोज संध्याकाळी मी दार उघडते तेव्हा आतून 'आलीस का?' कोण विचारतं? तुम्ही इथे आल्यापासून मला या शहरात तेवढं एकच माणूस विचारतं. तीन दिवस मी दार उघडतेय आणि आतून आवाजच नाही. ही कोणाची ड्यूटी आहे? सांगा ना, कोणाची?"

साहेबांच्या टाचा अजून जुळलेल्याच होत्या. मनालीनं डोळे पुसले आणि दारातून बाजूला झाली.

"आलात का, अप्पा?"

"आलो," सुभेदारसाहेब म्हणाले, आणि बूट काढायला खाली वाकले ते बराच वेळ वर उठलेच नाहीत.